ट्री डेलियाला कळीच धरत नाही: एका बागेचं प्रकरण

तक्रार अगदी साधी होती. एकाच बेण्यातून लावलेले दोन ठोंब, दरवर्षी पार छपराला टेकतात, पानं बघून लोक फाटकाशी थांबतात, पण फूल म्हणाल तर एक नाही. बाग डोंगरावर, हिवाळ्यात दव गोठतं अशा उंचीवर, आणि पहिला फ्रॉस्ट ऑक्टोबरच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरलेला. त्या एका रात्रीत अख्खा ठोंब काळा पडतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबायला लागतात आणि मग वर्षभराची मेहनत कापून कंपोस्टच्या ढिगात. बागेच्या मालकीणबाई ओळखीच्या, त्यांना सगळेच काकू म्हणतात, त्यांचं म्हणणं एवढंच होतं की एकतर हे फुलव नाहीतर उपटायला मदत कर.

आधी झाडाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. याला ट्री म्हणतात खरं पण हे झाड नाहीच मुळात, डेलिया इम्पेरियालिस म्हणजे आपल्या कुंडीतल्या डेलियाचाच भाऊबंद, जमिनीखाली कंद, वर दरवर्षी नवे फुटवे, फक्त ते फुटवे एका हंगामात ८ ते १० मीटरपर्यंत जाऊ शकतात. मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कोलंबियाच्या डोंगरांतलं, साधारण १५०० ते १७०० मीटर उंचीवरचं. १८६३ मध्ये युरोपातल्या वनस्पतीशास्त्रात याची नोंद झाली, चेक वनस्पती-संग्राहक बेनेडिक्ट रोझल यांचं नाव त्याला जोडलेलं आहे. दांडा चौकोनी, पेरापेरांचा, आतून पोकळ आणि पाण्याने भरलेला, मेक्सिकोत पूर्वी या पोकळ दांड्यांचा पाणी वाहून न्यायला पन्हळीसारखा उपयोग व्हायचा म्हणतात, आणि ग्वाटेमालाच्या डोंगरात केक्ची लोक याची पानं खातात. फूल फिकट जांभळं-गुलाबी, तळहाताएवढं, थोडं खाली मान घातलेलं, आणि येतं ते थेट शेंड्यावर, म्हणजे बघायला मान वर करावी लागते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण सगळे तिथेच अडकतात. 'फ्रॉस्ट सहन होत नाही' याचा अर्थ थंडीत झाड मरतं असा लावला जातो, पण काकूंचे ठोंब मरत नव्हते, दरवर्षी वसंतात पुन्हा जोमाने उगवत होते. जमिनीखालचा कंद वरच्या मातीच्या आणि पाचोळ्याच्या पांघरुणाखाली मजेत राहतो. मरतो तो फक्त वरचा भाग, आणि मरतो नेमका फुलायच्या तोंडावर. त्यामुळे प्रश्न थंडीचा कमी आणि कॅलेंडरचा जास्त आहे. हे डोक्यात ठेवून मी बाग बघायला गेलो.

तोपर्यंत काकूंना सल्ले भरपूर मिळाले होते. नत्र जास्त झालंय, शेणखत बंद करा. पालाश द्या. बोनमील द्या. पाणी तोडा, ताण द्या म्हणजे घाबरून फुलेल. एकाने तर हे नर झाड असेल असंही सांगितलं होतं (डेलियात नर-मादी झाडं वेगळी नसतात हो). यातलं बरंचसं काकूंनी इमानदारीत करून पाहिलं होतं, आणि एका वर्षी कोणाच्या तरी सांगण्यावरून ऑगस्टच्या शेवटी शेंडे खुडले होते, ते तर अगदीच नको होतं, कारण कळी धरायची ती जागाच गेली आणि नवे फुटवे वर यायच्या आत फ्रॉस्ट आला. शेंडा खुडायचाच असेल तर जून-जुलैत, नंतर हात लावायचा नाही.

दोन ठोंबांपैकी एक घराच्या मागे, दुसरा फाटकाजवळ. मागच्याला ऊन कमी, दुपारनंतर घराची सावली. फाटकाजवळच्याला दिवसभर ऊन, माती तीच, खत तेच, पाणी एकाच पाइपचं. अंदाज कोणीही हाच करेल की फाटकाजवळचा आधी फुलेल. होत होतं उलटं. मागच्या ठोंबाला दरवर्षी फ्रॉस्टच्या वेळी हरभऱ्याएवढ्या कळ्या असायच्या, उमलायच्या आतच जळायच्या, पण असायच्या तरी. फाटकाजवळच्याला कळीचं नावच नाही. काकूंनी ही गोष्ट बोलता बोलता सहज सांगितली, त्यांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच नापास. माझ्या दृष्टीने मात्र इथेच खरं प्रकरण सुरू झालं, कारण सारख्याच बेण्याचे दोन ठोंब वेगळे वागत असतील तर दोष खतात नाही आणि झाडातही नाही, दोन जागांमध्ये काहीतरी फरक आहे आणि तो उन्हाच्या उलट दिशेने काम करतोय.

ऑक्टोबरच्या मध्यावर शिडी लावून फाटकाजवळचा ठोंब नीट पाहिला. सहा-सात दांडे होते, सगळ्यांच्या शेंड्याला कोवळ्या पानांचे गुच्छ, एकावर एक मिटलेले, बोटांनी सोडवत गेलं तर आत आणखी पानंच. एकच दांडा वेगळा होता, फाटकाच्या दगडी खांबाच्या मागून वाकडा होऊन भिंतीच्या आत शिरलेला. त्याच्या शेंड्यात पानांच्या मध्ये कळ्यांचा झुबका बसलेला होता, हिरव्या, गुळगुळीत, बाहेरून छोट्या पाकळ्यांसारखी छदं (कळीभोवतीची हिरवी पानं) वळलेली. एकच ठोंब, एकच कंद, आणि खांबाच्या अलीकडे पानं, पलीकडे कळ्या. मी शिडीवरूनच मागे वळून बघितलं तर समोर खांबावर दिवा. काकूंना विचारलं हा रात्रभर चालू असतो का, तर म्हणाल्या, "मग काय, फाटकावरचा दिवा आहे तो, अंधार पडला की आपोआप लागतो आणि सकाळी आपोआप बंद होतो, त्याचं काय?"

त्याचंच सगळं.

डेलिया इम्पेरियालिस ही लहान दिवसांची वनस्पती आहे. म्हणजे दिवस साधारण १२ तासांच्या खाली उतरला, रात्र पुरेशी लांब झाली की मगच कळी धरायची, तोपर्यंत फक्त उंची वाढवत राहायची. शेवंतीचं हेच आहे, पॉइनसेटियाचंही हेच. ही गोष्ट शास्त्रज्ञांना कळली तीसुद्धा अशाच एका न फुलणाऱ्या उंच झाडामुळे, आणि ही कथा मला भारी आवडते म्हणून थोडं विषयांतर. अमेरिकेत मेरीलँड मॅमथ नावाची तंबाखूची एक जात होती, शेतात माणसाच्या डोक्यावरून वर जायची, पानं मोजता मोजता थकाल, पण फुलायची नाही, थंडी पडायची आणि संपायची. बी धरायचं तर झाड काचघरात हलवायला लागायचं, तिथे ते हिवाळ्यात मुकाट फुलायचं. गार्नर आणि ॲलार्ड हे दोघे वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या प्रायोगिक शेतावर यामागे लागले, तापमान, पाणी, खत सगळं तपासून झालं आणि शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी कुंड्या रोज दुपारनंतर एका अंधाऱ्या खोपटात ठेवायला आणि सकाळी बाहेर काढायला सुरुवात केली. तंबाखू भर उन्हाळ्यात फुलली. १९२० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. काकूंच्या शेजाऱ्यांनी दिलेले सल्ले आणि त्या दोघांनी आधी तपासलेली कारणं जवळपास तीच आहेत, शंभर वर्षांनीसुद्धा.

पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना काटेरी बोंडं चिकटतात त्या कॉकलबर तणावर दाखवलं की झाड खरं म्हणजे दिवस मोजत नाही, रात्र मोजतं, आणि लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ जरी उजेड पाडला तरी ती रात्र हिशोबातून जाते. पानांमध्ये फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते लाल उजेड ओळखतं, आणि पांढऱ्या एलईडीत, जुन्या पिवळ्या बल्बमध्ये, रस्त्यावरच्या दिव्यात, सगळ्यात थोडाफार लाल असतोच. आपल्याला तो उजेड मंद वाटतो, पुस्तक वाचता येणार नाही इतका, पण रात्र मोडायला तेवढा पुरतो. शेवंतीचे पॉलिहाउसवाले हेच उलट वापरतात, फूल लांबवायचं असेल तर रात्री दिवे, लवकर हवं असेल तर संध्याकाळी काळं कापड.

मग एकाच ठोंबातले दांडे वेगळे कसे वागले? रात्र मोजायचं काम पानं करतात आणि निरोप त्याच दांड्याच्या शेंड्याकडे जातो. सोव्हिएत वनस्पतीशास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीवरच हे दाखवलं होतं, पानं अंधारात आणि शेंडा उजेडात ठेवला तरी फूल येतं, उलट केलं तर येत नाही. खांबामागच्या दांड्याची पानं अंधारात होती, त्याला रात्र पूर्ण मिळाली, बाकीच्यांना नाही. मागच्या ठोंबावर कुठलाच दिवा पडत नव्हता म्हणून सावलीत असूनही तो पुढे होता.

दिवा काढून टाका म्हणणं सोपं आहे, पण फाटकावर अंधार नको ही काकूंची अट रास्त होती. हालचाल ओळखून लागणारा सेन्सर बसवला, दिव्याचं तोंड खाली वळवलं आणि झाडाच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केला. सेन्सर अधूनमधून लागतोच, मांजर गेली तरी लागतो, पण मिनिटभराने विझतो आणि आडोशामुळे पानांवर थेट पडत नाही. त्या वर्षी काही फरक पडणार नव्हता, वेळ निघून गेली होती. पुढच्या शरदात फाटकाजवळच्या सगळ्या दांड्यांना मागच्या ठोंबाबरोबरच कळ्या धरल्या. इथे बऱ्याच जणांनी प्रकरण मिटलं असं लिहिलं असतं.

पण फूल तरीही आलं नाही. फ्रॉस्ट आला आणि आता दोन्ही ठोंबांच्या कळ्या जळाल्या. काकू म्हणाल्या, "आधी एकाच्या जळायच्या, आता दोघांच्या जळतात, प्रगती आहे." दिवा हे अर्धंच कारण होतं. राहिलेलं अर्धं जास्त चिवट आहे आणि त्यात कोणाची चूक नाही. २२-२३ सप्टेंबरला जगात कुठेही गेलात तरी दिवस जवळपास १२ तासांचाच, मेक्सिकोच्या डोंगरात तेवढाच आणि तिथून कितीही उत्तरेला गेलात तरी तेवढाच. म्हणजे कळीचा इशारा सगळीकडे साधारण त्याच सुमाराला मिळतो. इशारा मिळाल्यापासून फूल उमलेपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात, थंडी वाढली तर अजून जास्त. त्यामुळे उमलायची वेळ येते नोव्हेंबरच्या मध्याला किंवा त्याही नंतर. मूळ डोंगरात त्यावेळी हवा अजून सौम्य असते, इथे मात्र फ्रॉस्ट दोन-तीन आठवडे आधीच पोचलेला असतो. झाड उशीर करत नाहीये, फ्रॉस्ट लवकर येतोय, आणि जगातलं कुठलंही खत ते दोन-तीन आठवडे भरून देणार नाही.

मग दोनच वाटा उरतात, इशारा अलीकडे ओढायचा किंवा फ्रॉस्ट पलीकडे ढकलायचा. पहिलीसाठी ऑगस्टच्या शेवटापासून रोज संध्याकाळी पाचला काळं कापड टाकून सकाळी आठला काढायचं, पंधरा तासांची रात्र. चार मीटरच्या ठोंबावर हे करणं म्हणजे रोज मांडव घालणं आणि रोज उतरवणं. कुंडीतल्या झाडाला जमेल म्हटलं तर काकूंनी हात जोडले, रोज झाड झोपवायचं आणि रोज उठवायचं, नातवंडांचं केलं तेवढं पुरे झालं.

दुसऱ्या वाटेसाठी थंडी नक्की कुठे बसते ते बघायला लागलं. एका खांबावर दोन थर्मामीटर लावले, एक गुडघ्याच्या उंचीवर, एक शिडीच्या वरच्या टोकाला. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता आकाशात फेकते, तिच्याजवळची हवा गार आणि जड होऊन खाली बसते आणि वर थोडी ऊब राहते. अशा एका पहाटे खाली शून्याच्या एक अंश खाली होतं आणि वर शून्याच्या एक अंश वर. दोनच अंश, पण पान काळं पडणं आणि न पडणं यातला फरक तेवढाच असतो. संत्र्याच्या बागांमध्ये उंच खांबांवर मोठे पंखे लावतात ते हीच वरची ऊब खाली ढकलायला. याचा एक गमतीदार परिणाम असा की 'झाड बुटकं ठेवा म्हणजे झाकता येईल' हा सल्ला, जो सगळीकडे दिला जातो, तो अर्धाच बरोबर आहे. बुटकं ठेवून खरंच झाकणार असाल तर ठीक, नाही झाकलं तर तुम्ही कळ्या स्वतःच्या हाताने गार थरात आणून ठेवल्या. फाटकाजवळचा ठोंब म्हणून आम्ही मुद्दाम खुडला नाही, उंच जाऊ दिला, फक्त वाऱ्याने पेरात मोडू नये म्हणून तीन बाजूंनी वासे रोवून दोरी फिरवली.

तिसरा ठोंब नव्याने लावला, घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून, छपराच्या पुढे आलेल्या भागाच्या जरा बाहेर पण पूर्ण बाहेर नाही. भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब सोडते, आणि वर छप्पर असल्यामुळे पानांना उघडं आकाश कमी दिसतं, म्हणजे त्यांची स्वतःची उष्णताही कमी जाते. याचं बेणं उसासारखंच करतात, फ्रॉस्टनंतर कापलेल्या दांड्यांच्या दोन-तीन डोळ्यांच्या टिपऱ्या, ओलसर वाळूत आडव्या, गोठणार नाही अशा जागी. डोळे पेरावर असतात. कंदाला स्वतःला डोळा नसतो, बुडख्याजवळ जिथे दांडा कंदाला जोडतो तिथेच असतो, त्यामुळे नुसता कंद तोडून लावला तर तो वर्षभर जमिनीत पडून राहतो आणि काही उगवत नाही.

त्याच टिपऱ्यांपैकी एक उशिरा, जुलैमध्ये, मोठ्या कुंडीत लावली. विचार असा की कळीचा इशारा वयावर नाही रात्रीवर आहे, तर उशिरा लावलेलं झाड थोडं वाढून लहान उंचीवरच कळी धरेल. धरली. डोक्याएवढी उंची झाली आणि कळ्या बाकीच्यांबरोबरच आल्या, थंडीचा अंदाज दिसला त्या संध्याकाळी कुंडी ओढून व्हरांड्यात घेतली. व्हरांड्याचा दिवा मात्र कळ्या चांगल्या फुगेपर्यंत बंद ठेवायला सांगितला होता, यावरून घरात थोडी कुरकुर झाली.

निकाल असा. भिंतीजवळचा ठोंब नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फुलला आणि डिसेंबरच्या कडक थंडीपर्यंत फुलत राहिला, खालची पानं झडून दांडे उघडे पडले होते पण वर फुलं. फाटकाजवळचा पहिल्या हलक्या फ्रॉस्टमधून वरच्या वर वाचला, कमरेच्या खालची पानं काळी आणि शेंडे हिरवे असं विचित्र दिसत होतं, आठवडाभर बरी फुलं दिली आणि मग खरी थंडी आली तेव्हा एका रात्रीत गेला. कुंडीतल्याला फुलं मोजकीच, पण डोळ्यासमोर. मागचा ठोंब पुन्हा कळ्यांवरच जळाला. तो घराच्या सावलीत, उताराच्या खालच्या बाजूला, जिथे सगळी गार हवा वाहत येऊन साचते, तिथे काहीही केलं तरी दोन-तीन आठवडे मिळणार नाहीत असं माझं मत आहे आणि ते मी काकूंना स्पष्ट सांगितलं.

फ्रॉस्टनंतरचं एक काम लोक अर्धवट करतात म्हणून लिहितो. दांडे जमिनीपासून वीतभर ठेवून कापायचे, आणि कापलेलं तोंड झाकायचं. आतून पोकळ असल्यामुळे प्रत्येक बुडखा उभ्या नळीसारखा राहतो, पावसाचं, वितळलेल्या दवाचं पाणी त्यात साचतं, थेट कंदाच्या मानेपर्यंत पोचतं आणि तिथे कुज लागते. थंडीने न मेलेला कंद अशा साचलेल्या पाण्याने मरतो. काकूंनी डब्यांची झाकणं उलटी घातली, वर पाचोळ्याचं वीतभर आच्छादन. ते वसंतात फुटवे दिसायला लागले की बाजूला करायचं, त्याआधी नाही, कारण कोवळ्या फुटव्यालाही उशिराचा एखादा फ्रॉस्ट पुरतो.

मागचा ठोंब काढायचा ठरलाय. कंद बुडख्यासकट फोडून त्याचे तीन भाग होतील, दोन भाग काकूंच्या बहिणीकडे, खालच्या गरम प्रदेशात, जिथे फ्रॉस्ट पडतच नाही. तिथे याला काहीच करायला लागणार नाही, फक्त अंगणातला दिवा कुठल्या बाजूला आहे ते आधी विचारून घ्या असं मी काकूंना दोनदा सांगितलंय. उरलेला एक भाग कुंडीसाठी.